कासवावरचं जग आणि सहा जणांचा कट्टा

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

ताई, मी ३१ वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरात राहते. आम्हा सहा जणांचा वाचनकट्टा आहे. तीन वर्षं झाली, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, पोहे-चहा होतो, पुस्तकावर बोलतो. यंदा आमच्यातल्या एका मित्राने टेरी प्रॅचेट यांची 'डिस्कवर्ल्ड' ही विनोदी अद्भुत कादंबऱ्यांची मालिका सुचवली. एकूण ४१ पुस्तकं. पहिल्यापासून ओळीने वाचायची, उड्या मारायच्या नाहीत, असा त्याचा आग्रह. मला पहिलं पुस्तक अजिबात रुचलं नाही, निम्म्यात सोडलं. एकीने गुपचूप मधलंच चेटकिणींचं पुस्तक उचललं आणि ती त्यावर फिदा आहे. एकाचं म्हणणं, शेवटची पुस्तकं लेखकाच्या आजारपणातली, ती वाचूच नयेत. आणखी एकजण म्हणतो, इंग्रजांचे विनोद इंग्रजांना लखलाभ. मी ग्रुपवर सहज लिहिलं, 'फारच बोअर आहे, लोक याला ग्रेट का म्हणतात?' मित्राने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. मग त्याच्या बहिणीकडून कळलं, की त्याचे वडील चार महिने दवाखान्यात होते तेव्हा तो हीच पुस्तकं वाचत बसायचा. वडील त्यातच गेले. आमच्यापैकी कुणालाच त्याने हे सांगितलेलं नव्हतं. त्याचं पहिलं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. आत खूण म्हणून औषधाच्या दुकानाची जुनी पावती आहे. माझं काय चुकलं? मी मराठी माध्यमातली, मला विनोदच कळला नाही असं असेल का? 'आवडलं' असं खोटं सांगून विषय मिटवू का? आणि मुळात कोणाचं बरोबर?

उत्तर:

वय लिहिलंस म्हणून 'तू'च म्हणते. शेवटी चार प्रश्न विचारलेस. त्यातला पहिला आतून आलेला आहे आणि शेवटचा निव्वळ सवयीचा. सवयीचा आधी निकालात काढू, कारण कट्ट्यावरची निम्मी वादावादी त्यानेच लावून दिली असणार.

कोणाचं बरोबर? तुला दुतोंड्या मारुती समजावून सांगायला नको, पण इतर गावच्या वाचकांसाठी सांगते. गोदावरीच्या पात्रात, रामकुंडाजवळ ही मारुतीची उंच मूर्ती आहे. पूर आला की जुना नाशिककर पाणी फुटात मोजत नाही, मारुतीवर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आमच्या शेजारचे दोघे भाऊ एका पावसाळ्यात यावरून हमरीतुमरीवर आले होते. एक म्हणे कमरेपर्यंत, दुसरा म्हणे गळ्यापर्यंत, मी या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं दोघांनीही होतं. एक सकाळी सहाला गंगेवर, म्हणजे गोदावरीवरच, जाऊन आला होता आणि दुसरा दुपारी बाराला.

तुमच्या कट्ट्यावर तेच चाललंय, आणि इथे पाणी तर ३२ वर्षं चढत-उतरत होतं. पहिलं पुस्तक, 'द कलर ऑफ मॅजिक', १९८३ सालचं. तेव्हा प्रॅचेट पस्तिशीत होते, इंग्लंडच्या वीज मंडळात जनसंपर्काचं काम करत होते (आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या एखाद्या साहेबाने संध्याकाळी घरी बसून ड्रॅगनच्या गोष्टी लिहाव्यात, तसं). शेवटचं पुस्तक, 'द शेफर्ड्स क्राउन', २०१५ च्या ऑगस्टमध्ये आलं. त्याच वर्षी १२ मार्चला ते गेले होते. मधल्या काळात मालिका विडंबनाकडून व्यंगाकडे गेली, पुढे चक्क रागाकडे गेली आणि शेवटी निरोपाकडे. नाव एक, जग एक, पण पस्तिशीतला माणूस आणि पासष्टीतला माणूस एकच पुस्तक ४१ वेळा लिहीत नाही. तेव्हा 'ही मालिका चांगली आहे का?' या प्रश्नाला मला तरी उत्तर देता येत नाही. कुठलं पुस्तक, आणि तुम्ही ते कधी वाचलंत, इतकं कळलं तर बोलता येतं.

आता तुझं न आवडणं. यात इंग्रजी माध्यम आणि मराठी माध्यम आणू नकोस. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखादा मुलगा गणिताच्या सरांची नक्कल करतो. सगळी शाळा लोळून हसते आणि पाहुणे म्हणून आलेले दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक चेहरा कसनुसा करून बसलेले असतात. त्यांनी ते सर पाहिलेलेच नसतात. पहिलं पुस्तक ही अशीच नक्कल आहे. त्या काळात इंग्रजीत तलवारी, जादूगार, अर्धनग्न योद्धे आणि शापित मंदिरं यांच्या कादंबऱ्यांचं उदंड पीक होतं, त्यांची खिल्ली. ज्याने ते पीक पाहिलेलं नाही त्याला नुसती पळापळ दिसते. मला स्वतःला पहिली दोन पुस्तकं फारशी आवडत नाहीत. एक गोष्ट मात्र आवडते: त्या जगातला पहिलावहिला पर्यटक, टूफ्लॉवर. विमा कंपनीतला कारकून, डोळ्यांवर चष्मा, हातात कॅमेरा, मागे शंभरेक पायांवर चालत येणारी पेटी. दारूच्या गुत्त्यातली मारामारीसुद्धा त्याला प्रेक्षणीय वाटते. रामकुंडावर बसमधून उतरलेला, दिसेल त्याचा फोटो काढणारा यात्रेकरू आणि त्याच्यामागे फिरून वैतागलेला वाटाड्या डोळ्यांसमोर आण, म्हणजे टूफ्लॉवर आणि त्याचा वाटाड्या रिन्सविंड ही जोडी कळेल. आवडेलच असं नाही.

कोट्यांचं वेगळं आहे. शब्दांच्या कोट्या बऱ्याच निसटतात, माझ्याही निसटतात. खुद्द इंग्रजांसकट अनेक वाचकांनी मिळून त्या पुस्तकांतल्या कोट्या आणि संदर्भ उलगडणाऱ्या टिपांचा मोठा संग्रह केलाय. एकट्याला सगळं कळत असतं तर तो करायची वेळ आली नसती. आपल्या लेखकांची एखादी झकास कोटी अमराठी मैत्रिणीला समजावून बघ. समजावून होईपर्यंत तिचा चहा गार होतो. कोटी गेली तर जाऊ द्यावी, प्रसंग हातात राहतो.

आणि 'इंग्रजांचे विनोद इंग्रजांना' म्हणणाऱ्या तुझ्या मित्राला तीन-चार गोष्टी नुसत्या सांगून बघ. डिस्कवर्ल्ड म्हणजे थाळीसारखं चपटं जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर. इंग्रज वाचकाला ही कल्पना विलक्षण वाटते. आपल्याला वाटतं, चारच? आमच्याकडे दिग्गज आठ आहेत. त्या जगातल्या मुख्य शहराचं नाव अंख-मॉरपॉर्क, आणि त्यातून वाहणारी नदी इतकी घट्ट की तिच्यावरून चालत जाता येतं. पाणवेलींनी भरलेली गोदावरी ज्याने उन्हाळ्यात पुलावरून पाहिली आहे त्याला हा विनोद इंग्रजाआधी कळेल, आणि हसून झाल्यावर थोडं लागेलही.

बुटांचा हिशेब तर कुठल्याही मध्यमवर्गीय घरातला आहे. 'मेन अ‍ॅट आर्म्स' (१९९३) मध्ये शहराच्या पहारेकऱ्यांचा कॅप्टन सॅम व्हाइम्स मनाशी गणित मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरला, ते वर्षानुवर्षं टिकतात. परवडणारे दहा डॉलरला, ते एखाद-दोन हंगामांत फाटतात. म्हणजे ज्याच्याकडे पन्नास असतात त्याचे पाय दहा वर्षांनीही कोरडे असतात. ज्याच्याकडे नसतात त्याचे तेवढ्या काळात शंभर डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. दर जूनमध्ये पोरांसाठी रस्त्यावरची पावसाळी चप्पल घेणाऱ्या आणि श्रावणात तिचा अंगठा शिवून आणणाऱ्या आईला हे सांगायला इंग्रज कशाला हवा? पण त्याने सांगितलं, आणि गोष्टीच्या ओघात हसवत सांगितलं. मला विचारशील तर या मालिकेचं खरं बळ इथे आहे, जादूत नाही.

मृत्यूचंही तेच. डिस्कवर्ल्डमध्ये मृत्यू हे पात्र आहे. हाडांचा सापळा, काळा झगा, बिंकी नावाचा पांढरा घोडा. त्याला मांजरं आवडतात आणि माणसं काही केल्या कळत नाहीत. छापील इंग्रजीत त्याचं सगळं बोलणं मोठ्या अक्षरांत असतं, अवतरणचिन्हांशिवाय, जणू कानाला वळसा घालून थेट डोक्यात शिरतं. (देवनागरीत लहान-मोठी अक्षरं हा प्रकारच नाही. मराठीत हा आवाज कसा आणायचा, यावर मी बऱ्याच रिकाम्या दुपारी घालवल्यात. एकदा वाटलं शिरोरेषाच काढून टाकावी.) ज्यांच्या गोष्टींत सावित्री यमाशी हुज्जत घालते आणि नचिकेत त्याच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, त्यांना गप्पा मारणारा मृत्यू परका वाटायचं कारण नाही.

'हे सगळं लहान मुलांचं' असंही कट्ट्यावर कोणी ना कोणी म्हणेलच. मालिकेतलं एक पुस्तक मुलांसाठीचं मानाचं कार्नेगी पदक मिळवून गेलंय, म्हणून बाकीची चाळीस बालवाङ्मय होत नाहीत. पुढे जाऊ.

ओळीने वाचायचा आग्रह. तुम्ही त्या पुस्तकांचं पारायण लावलंत, गंमत तिथेच गेली. आपल्याकडे वाचनाच्या दोन रीती आहेत. पोथीचं पारायण नेमाने, अध्याय न चुकवता करायचं. तुकोबांचा गाथा मात्र हात जाईल तिथे उघडायचा, आणि त्याला कोणी अधर्म म्हणत नाही. डिस्कवर्ल्ड गाथ्याच्या अंगाने जातं. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाची गोष्ट त्यातच पुरी होते. आतमध्ये काही कुटुंबं आहेत, चेटकिणींचं, पहारेकऱ्यांचं, मृत्यूचं, आणि एकेका कुटुंबात क्रम पाळला तर बरं पडतं, इतकंच. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातली ग्रंथपेटी तुम्हाला ठाऊक असेल. ती या गटाकडून त्या गटाकडे फिरते, आणि पेटीतलं कुठलं पुस्तक आधी घ्यायचं हे कोणी ठरवून देत नाही. तसं करा. सहा जणांनी सहा दारं निवडा.

नाशिकच्या माणसाला मी चेटकिणींचं दार आधी दाखवेन, 'विअर्ड सिस्टर्स' (१९८८). खुनी राजा, खून झालेल्या राजाचं भूत, फिरती नाटक कंपनी आणि तीन चेटकिणी: मॅकबेथची यथेच्छ टिंगल. ज्या गावात तात्यासाहेब शिरवाडकरांनी मॅकबेथवरून 'राजमुकुट' केलं, त्या गावात निदान ती नक्कल तरी ओळखीच्या सरांची असेल. त्यातली ग्रॅनी वेदरवॅक्स शक्यतो जादूला हात घालत नाही. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखून त्यालाच त्याच्या मापात घालते. अशी एक आजी प्रत्येक वाड्यात होती. तुझी मैत्रीण हिच्यावरच भाळली असणार.

दुसरं दार 'स्मॉल गॉड्स' (१९९२). हे माझं लाडकं, म्हणून जरा थांबते. एक महाबलाढ्य देव, त्याच्या नावाने चालणारं अख्खं साम्राज्य, मंदिरं, पुजारी, धर्मद्रोह्यांना छळणारं खातं. आणि हा देव अवतार घ्यायला येतो तर कासव होऊन बसतो, एका डोळ्याने अधू. कारण त्याच्यावर खरोखर विश्वास ठेवणारा माणूस उरलाय एकच, तोही मठाच्या बागेत खुरपणी करणारा, लिहिता-वाचता न येणारा पोरगा. बाकी सगळ्यांचा विश्वास संस्थेवर, किंवा संस्थेच्या भीतीवर. हे पुस्तक वाचून मी एकदा पंचवटीत देवळात गेले. सभामंडपाच्या फरशीत ते दगडी कासव असतं ना, येणारे-जाणारे ज्याला वाकून हात लावतात, त्याची पाठ हातांनी घासून गुळगुळीत झाली होती. रांगेतल्या सगळ्यांच्या माना पुढे गाभाऱ्याकडे. एक लहान मुलगी तेवढी खाली बसून कासवाच्या तोंडाशी बेदाणा धरत होती.

पहारेकरी हवे असतील तर 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९). मृत्यू हवा असेल तर 'मॉर्ट' (१९८७), त्यात तो शिकाऊ मुलगा ठेवतो. सरकारी खात्यात आयुष्य गेलेलं कोणी कट्ट्यावर असेल तर त्याला 'गोइंग पोस्टल' (२००४) द्या, बंद पडलेलं टपाल खातं आणि ते चालवायला नेमलेला ठक. पहारेकऱ्यांच्याच 'नाइट वॉच'ची तारीफ सगळेच करतात, मीही करते, पण त्याने सुरुवात करू नका. त्यातली माणसं आधी ओळखीची असावी लागतात.

दोन बारीक गोष्टी, ज्यांनी बरेच वाचक अडखळतात. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत. 'पुढच्या रविवारपर्यंत पाच प्रकरणं' असं ठरवाल तर फसाल, पानांचा आकडा ठरवा. आणि निम्मे विनोद तळटीपांत असतात. मोबाइलवर वाचताना त्या पार शेवटी जाऊन बसतात आणि आपण त्या सोडून देतो. शक्यतो कागदी प्रत घ्या, सहा जणांत मिळून घेतली तरी चालेल.

शेवटच्या पुस्तकांवरचा वाद मात्र मला असा दोन ओळींत उरकता येणार नाही.

२००७ च्या डिसेंबरमध्ये प्रॅचेट यांनी जाहीर केलं, की त्यांना अल्झायमर झालाय, त्यातला एक दुर्मिळ प्रकार, जो आधी दृष्टीच्या आकलनावर घाला घालतो. टंकलेखन हळूहळू हातातून गेलं. पुढची पुस्तकं त्यांनी सांगून लिहून घेतली, यंत्राला आणि सहायकाला. 'रेझिंग स्टीम' (२०१३) मध्ये ते जाणवतं. पूर्वी जे पात्र एका वाक्यात कापायचं ते अर्धं पान भाषण देतं. ज्यांना ती माणसं वीस वर्षं ठाऊक होती त्यांना ती अनोळखी वाटली, आणि त्यांनी तसं लिहिलं. शेवटची पुस्तकं नकोत म्हणणाऱ्याचं निरीक्षण चूक नाही. शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस तर त्यांच्या सहायकानेच नोंदवलंय, की गोष्ट पुरी आहे, पण वेळ मिळता तर त्यांनी त्यावर आणखी हात फिरवला असता.

माझ्या पाकिटात वडिलांनी लिहिलेली किराणामालाची एक यादी आहे. ते रेशनिंग खात्यात होते, अक्षर छापल्यासारखं. ही यादी शेवटच्या वर्षातली. 'तूरडाळ १ किलो. गूळ पाव. शेंगदाणे. गूळ पाव.' खाली ओळ घसरत गेलीय आणि 'साबण'मधला 'ण' पुरा झालेला नाही. माझ्या आतेभावाने ती पाहिली तेव्हा म्हणाला, 'मामांचं अक्षर किती बिघडलं होतं गं.' खरंच बिघडलं होतं. त्या दिवशी दुकानदाराने गूळ अर्धा किलो दिला होता आणि आम्ही तो परत केला नव्हता.

तेव्हा 'वाचूच नयेत' म्हणणाऱ्याला म्हणावं, तुझं मत ठेव, बंदी घालू नकोस. आणि जी कोणी ती पुस्तकं रडत रडत वाचेल तिने ती उत्तम असल्याचा दावा करायची गरज नाही.

आता तुझा मित्र.

एक गोष्ट तू गृहीत धरलीस, की तुझ्या त्या एका ओळीने तो गेला. असेलही. पण मला वाटतं, त्याने कट्ट्यावर ४१ पुस्तकं मांडली तेव्हाच काहीतरी मांडलं होतं आणि बाकी पाच जणांपैकी कोणाला ते दिसलं नाही. दिसणार कसं, त्याने झाकून ठेवलं होतं. ओळीनेच वाचा, हा हट्ट तुम्हाला हेकेखोरपणा वाटला. कदाचित तो त्या चार महिन्यांचा क्रम असेल. आणि पहिलं पुस्तक आठव. त्यातला तो नापास जादूगार, रिन्सविंड. मृत्यू त्याच्या मागावर असतो, भेटीची वेळ ठरलेली असते, आणि हा भित्रा पळत सुटतो, दर वेळी निसटतो, मृत्यू चिडचिडत राहतो. तुला-मला तो पोरकट पाठलाग वाटला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला मुलगा तो कसा वाचत असेल?

हा माझा तर्क आहे, आणि तो त्याच्यापुढे बोलून दाखवू नकोस. वडिलांचं तुला बहिणीकडून कळलं, त्याच्याकडून नाही. 'मला सगळं कळलं रे' म्हणून गेलीस तर बहीण अडचणीत येईल आणि त्याला वाटेल, आता सगळे दया म्हणून माझी पुस्तकं वाचणार. इतर चौघांनाही सांगू नकोस, कितीही चांगल्या हेतूने. त्याने सरळ विचारलं तर मात्र खोटं बोलू नकोस.

'आवडलं' असं खोटं सांगू का? नको. तत्त्व म्हणून नाही, व्यवहार म्हणून. ज्याने ते पुस्तक त्या बाकावर बसून वाचलंय तो हमखास विचारणार, 'कुठला भाग?' आणि तू निम्म्यात सोडलंयस. माफी मागायचीच तर मताची मागू नकोस, रीतीची माग. 'बोअर आहे' हे तुझं मत होतं. 'लोक याला ग्रेट का म्हणतात' यातले 'लोक' म्हणजे तो होता, आणि ते तू त्याच्यासकट सगळ्यांसमोर लिहिलंस. एवढंच चुकलं. इतकं लिहिलं तरी पुरे: 'तुझं पुस्तक माझ्याकडे राहिलंय. ग्रुपवर मी ज्या पद्धतीने लिहिलं ते बरं झालं नाही. मी निम्म्यात थांबले हे खरं आहे. रविवारी पुस्तक द्यायला येऊ का?' खाली हसरे चेहरे चिकटवू नकोस. उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांब, मग फोन कर.

भेटलात की 'तुला हे एवढं का आवडतं?' असं विचारू नकोस, तो बचावाचा पवित्रा घेईल. 'तुला हे पहिल्यांदा कुठे मिळालं?' असं विचार आणि गप्प बस. सांगेल तितकं ऐक. मेनरोडवरच्या दुकानात मिळालं, एवढंच सांगून तो विषय बदलेल. तेही चालेल.

तो परत कट्ट्यावर येईल का, हे माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. पण कट्ट्याची रीत थोडी बदला, तो आला किंवा नाही आला तरी. पुस्तकाबद्दल जे काही म्हणायचं ते रविवारी, तोंडी, पुस्तक हातात धरून. ज्याला आवडलं नाही त्याने आधी बोलायचं, पण मत नाही द्यायचं, कुठल्या पानावर थांबलो ते सांगून तो उतारा वाचून दाखवायचा. बऱ्याचदा मोठ्याने वाचताना तोच उतारा हसवतो आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते. आमच्या घरी असं दोनदा झालंय. पन्नास पानांनंतर सोडायची मुभा सर्वांना. आणि जो पुस्तक सुचवतो त्याला पहिल्या दिवशी एकच प्रश्न, हे तू कधी वाचलंस? त्याला नसेल सांगायचं तर त्याने नुसतं साल सांगावं.

ती पावती पानातून काढू नकोस. साफसफाई म्हणून नाही, आणि सरळ करून ठेवावी म्हणूनही नाही. तिच्यावरची शाई एव्हाना उडाली असेल, पण ती ज्या पानात आहे ते पान त्याला माहीत असणार. पुस्तक न्यायच्या दिवशी पाऊस असेल तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल आणि मग पर्समध्ये. जुन्या पेपरबॅकचा डिंक ओल धरतो आणि पानं सुटायला लागतात.